तेरसेची भरती आणि आमचं रॉकेट

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णन दे, असं मला सांगितलं गेलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. प्रवासवर्णन म्हणजे काश्मीर, कन्याकुमारी, निदान महाबळेश्वर तरी. आम्ही तीन दिवस सायकलींवर हिंडलो आणि वसई तालुक्याची हद्दसुद्धा ओलांडली नाही. पण अंकाचं काम बघणाऱ्या मॅडमनी विचारलं, "तू वालीवचा ना? वटारला कधी गेला होतास?" नव्हतो. "पाचूबंदरला?" एकदाही नाही. "मग तो प्रवासच झाला," त्या म्हणाल्या. म्हणून लिहितो आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आधी निघण्याचं कारण सांगतो. आपले राष्ट्रपती मूळचे शास्त्रज्ञ. रॉकेटं बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि मग देशाने त्यांना सर्वांत मोठ्या खुर्चीवर बसवलं. ऑक्टोबरात त्यांचा वाढदिवस येतो. आमच्या कॉलेजात तो ठरल्याप्रमाणे व्हायचा. हॉलमध्ये फोटो, फोटोला हार, दोन भाषणं आणि शेवटी समोसा. यंदा विज्ञान मंडळाच्या बैठकीत "काही सूचना?" असं विचारल्यावर मी उभा राहिलो. का राहिलो ते मला अजून नीट कळलेलं नाही. दोन वर्षांत मी त्या बैठकीत हजेरीला "येस सर" यापलीकडे बोललो नव्हतो. मी म्हणालो, "सर, ते समुद्रकाठच्या, होडीवाल्या घरातले आहेत. आपल्याकडे पाचूबंदरला होड्या आहेत. तिथल्या मुलांसमोर आपण रॉकेट उडवू या. पाण्याचं. बाटलीचं."

प्राचार्य म्हणाले, "उडालं तर दरवर्षी तसंच करू, एकेका गावात. नाही उडालं तर दरवर्षी हॉल आणि हार. पुन्हा कुणी हा विषय काढायचा नाही. कबूल?"

मी "कबूल" म्हणालो.

माझ्याबरोबर दोघं तयार झाली. एक अनघा, विरारची. तिचे वडील मंत्रालयात आहेत, आणि तिला बोलायला भीती कसली ती वाटतच नाही. दुसरा झेवियर, वटारचा, ज्याला कशाचीच भीती वाटत नाही. अनघाने लगेच निमंत्रणपत्रिका केली. "सकाळी ठीक दहा वाजता, पाचूबंदर किनारा." 'ठीक' हा शब्द माझा. मला वाटलं, त्याने पत्रिकेला वजन येईल. प्राचार्यांनी सही केली, आम्ही झेरॉक्स काढल्या आणि त्या सगळीकडे वाटल्या.

पहिला दिवस : सातिवली

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघालो. पहिला मुक्काम आमच्या वालीवच्या शेजारीच होता, म्हणजे माझ्यासाठी तो प्रवास नव्हता. पण खरं सांगतो, तिन्ही दिवसांत मला सर्वांत जास्त संकोच तिथेच वाटला. बाटलीच्या तोंडात घट्ट बसेल आणि दाब वाढला की सुटेल असं बूच आम्हाला हवं होतं, आणि पंपाने हवा भरायला त्यातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जायला हवा होता. रबरी बुचाची दोनदा वाट लागली होती. ते पितळेचं करायचं ठरलं आणि पितळ कातणारा माणूस माझ्या घरातच होता. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, सातिवलीच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करतात. साताऱ्याकडून आले ते इथेच राहिले.

सातिवली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याच्या शेडला शेड लागून, मध्ये टेम्पो वळेल न वळेल एवढा रस्ता, आणि प्रत्येक दारातून वेगळा आवाज. एकीकडे प्रेस धपधपतो, दुसरीकडे ग्राइंडर किंचाळतो, पुढच्या गाळ्यात बायका गप्पा मारत खोकी चिकटवतात. त्या दिवशी दर यंत्राला झेंडूची माळ होती. लेथच्या चकवर हळदीकुंकवाची बोटं, हँडलमध्ये आपट्याचं पान. अनघा थांबून बघतच राहिली. "आमच्याकडे पुस्तकांची पूजा करतात," ती म्हणाली.

"हितं ह्येच पुस्तक," आण्णा म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत मशीन वापरायची परवानगी मालकांनी दिली होती. मी माझं ड्रॉइंग पुढे केलं. आण्णांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"आतलं माप कशानं घेतलंस?"

"पट्टीनं."

"पट्टीनं कापड मापत्यात, बाळा." मित्रांसमोर. झेवियर खो खो हसला.

आण्णांनी खिशातून व्हर्निअर काढला, बाटलीच्या तोंडात घातला, बाहेर काढला आणि न थांबता माप सांगितलं. मी फर्स्ट इयरला तसल्याच व्हर्निअरवर एक वाचन घ्यायला तीन मिनिटं लावली होती आणि तेही सरांनी खोडलं होतं. मग आण्णांनी मला एक प्रश्न विचारला. त्यांनी मला अभ्यासातलं काही विचारायची ती पहिलीच वेळ. "ही बारकी रेघ वरच्या रेघंला जुळती तवा माप कळतं, हे मला ठावं हाय. पर का कळतं?"

मी जमिनीवर बसून खडूने रेघा काढल्या. वरचे नऊ भाग, खालचे दहा. आण्णा उकिडवे बसले. शेजारच्या मशीनवरचे यादवचाचाही आले. मी सांगत होतो आणि आण्णा एखाद्या वर्गातल्या मुलासारखे मान हलवत होते. "हां, हां. म्हंजे दरवेळंला दहावा हिस्सा कमी पडतो. एवढी वर्सं वापारला, पर ह्ये कुनी सांगितलं न्हाई." मी खडूच्या रेघा पुसत बसलो.

बूच त्यांनी माझ्या ड्रॉइंगप्रमाणे केलं नाही. माझं बूच सरळ होतं. "सरळ बसलं तर अडकंल न्हाईतर उडी मारंल. जरा उतार पायजे," असं म्हणून त्यांनी त्याला टेपर दिला, मधून भोक पाडलं आणि पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं. त्यानंतर आम्ही त्यांच्याच डब्यातली भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा खाल्ला. ठेचा बघून अनघा "थोडासाच" म्हणाली आणि नंतर अर्धा तांब्या पाणी प्यायली. यादवचाचांनी तिला गूळ दिला.

निघताना आण्णा म्हणाले, "शनवारी मला यायला न्हाई जमायचं. मालकानं ज्यादा काम काढलंय. तू आपलं नीट कर." एवढंच.

दुसरा दिवस : वटार

वसई स्टेशन ओलांडून पश्चिमेला गेलं की हवाच बदलते. मला हे ऐकून माहीत होतं. वटारच्या वाटेवर केळीच्या बागा सुरू झाल्या आणि ऊन एकदम हिरवं झालं. आमच्याकडे सावली पत्र्याची असते, इथे ती हलत असते. घरांपुढे पांढरे क्रूस, क्रूसापुढे जास्वंदी, आणि लाल लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या बायका डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आमच्या सायकलींपेक्षा भरभर चालत होत्या.

झेवियरच्या घरात ते सगळे आपसांत त्यांच्या बोलीत बोलायचे. मला त्यातलं अर्धंच कळायचं. आमच्याकडे वळले की शाळेतली मराठी काढायचे. त्याचे आजोबा, पास्कल आजोबा, बहुधा गंमत करायची असेल तेव्हाच ती मराठी काढत.

"रॉकेट?" ते म्हणाले. "आमचा झेवियर पाचवीत नारळाच्या झाडावर चढला आणि खाली उतरेना. त्याला उतरवायला मिळेल का तुमचं रॉकेट?"

"आजोबा, तेव्हा मुंग्या होत्या!" झेवियर म्हणाला.

"मुंग्या वर होत्या. खाली नव्हत्या."

वाडीत एका बाजूला राजेळी केळी सोलून वाळत घातली होती. सुकेळी करायचं काम चाललं होतं. केळं उन्हात ठेवायचं, संध्याकाळी झाकायचं, पुन्हा उन्हात, असं करत करत ते मधासारखं तपकिरी होतं. आमच्याकडे केळं काळं पडलं की टाकतात. इथे त्याला मुद्दाम म्हातारं करतात आणि मग ते जास्त भावाने विकलं जातं. मला वाटलं, ही गोष्ट माणसांना सांगण्यासारखी आहे.

दुपारी चाचणी घेतली, तिला मोकळी जागा हवी म्हणूनच आम्ही झेवियरच्या वाडीत आलो होतो. बाटलीला खाली चार पंख लावले होते, पुठ्ठ्याचे. पंप मारला. आण्णांचं बूच सुंदर सुटलं, बाटली उडाली, पण पाण्याच्या फवाऱ्याने पुठ्ठा ओला होऊन वाकला. रॉकेट अर्ध्या वाटेत डावीकडे वळलं आणि थेट सुकेळीच्या पसाऱ्यात शिरलं. तीन ओळी केळी मातीत. झेवियरची आई घरातून धावत आली. मी जागच्या जागी मेलो. "मावशी, आम्ही सगळी धुऊन देतो," मी म्हणालो.

"धुऊन?" तिने कपाळावर हात मारला. "अरे बाळा, चार दिवस पाणी काढलंय ह्यांच्यातलं, आणि तू धुऊन देतोस!"

सगळे हसले. तीसुद्धा हसली, म्हणून मी वाचलो. मातीत पडलेली केळी म्हशीला गेली.

पास्कल आजोबा मात्र बाटली हातात घेऊन बसले होते. उठले, पोफळीखाली गेले आणि झावळीच्या देठाचा रुंद, वाळलेला भाग घेऊन आले. तो भाग चामड्यासारखा चिवट असतो आणि वजनाला काहीच नाही. "याने आम्ही पाणी शिंपायचो लहानपणी. भिजून वाकत नाही," ते म्हणाले. कोयत्याने त्यांनी चार पंख असे कापले की अनघाने मापं घेतली तेव्हा चारही सारखे निघाले. दुसऱ्या चाचणीत रॉकेट सरळ माडाच्या वर गेलं. आजोबांनी टोपी काढून वर बघितलं आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. मी अर्थ विचारला. झेवियर म्हणाला, "सांगण्यासारखा नाही, पण कौतुकच आहे."

संध्याकाळी चर्चची घंटा झाली. ऑक्टोबर म्हणजे त्यांच्याकडे रोज घरी रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना. सगळे गुडघ्यांवर बसले, आम्ही दोघं मागे मांडी घालून. आदल्या आठवड्यात आमच्या चाळीत नवरात्राच्या आरत्या चालल्या होत्या. तिथे टाळ, टाळ्या, वरचा सूर. इथे एकाच संथ लयीत सगळ्या घराचा आवाज. प्रार्थना संपल्यावर लहानांनी हात जोडून एकेका मोठ्या माणसाचा आशीर्वाद घेतला. मी आणि अनघाही रांगेत गेलो. पास्कल आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या उडू दे." त्यानंतर तांदळाच्या भाकऱ्या, वालाची भाजी आणि आमच्या तावडीतून वाचलेली सुकेळी.

तिसरा दिवस : पाचूबंदर

सात वाजता आम्ही पाचूबंदरला पोचलो. किल्ल्याच्या तटाशेजारून रस्ता जातो आणि एकदम समोर पाणी. रंगीत निशाणं लावलेल्या होड्या, बांबूंच्या मांडवांवर वाळत टाकलेले बोंबील, आणि असा वास की अनघाने ओढणी नाकाला लावली. दोन मिनिटांनी तिने ती काढली. "सवय होते," ती म्हणाली, जणू ती वर्षभर तिथे राहत होती.

किनाऱ्याची चांगली सपाट, ओलसर वाळू बघून आम्ही बांबूचा स्टँड रोवला. झेवियरने चुन्याने गोल आखला. मुलांनी कुठे उभं राहायचं त्याची दोरी बांधली. प्राचार्यांसाठी दोन खुर्च्या मागून आणल्या आणि त्यातल्या एकीवर राष्ट्रपतींचा फोटो ठेवायचं ठरवलं. सगळं झालं तेव्हा आठ वाजले होते. मी दूर जाऊन पाहिलं. फार सुंदर दिसत होतं.

डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक कोळीण येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. तिचं नाव रेजिना, सगळं बंदर तिला मावशी म्हणत होतं.

"काय चाललंय रे पोरांनो? लगीन हाय?"

अनघाने पत्रिका दिली. मावशीने ती लांब धरून वाचली. मग स्टँड पाहिला, खुर्च्या पाहिल्या, आणि तिने पाटी खाली ठेवली, कारण तिला हसू आवरेना.

"दहा वाजता? हितं?"

"हो. ठीक दहाला," मी म्हणालो.

"ठीक दहाला तुज्या त्या सायबाच्या कमरेला पानी लागंल. आज तेरस ना रे? पावनेदहाला भरती. खुर्च्या पोवत जातील पार खाडीपलीकडं उत्तनला."

मी वळून पाहिलं. खरंच पाणी पुढे आलं होतं. आम्ही आलो तेव्हा ते लांब होतं आणि आम्ही त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. आम्ही तिघंही विज्ञानाचे विद्यार्थी. चंद्राच्या आकर्षणाने भरती येते यावर मला परीक्षेत पाचपैकी चार मार्क मिळाले होते. पण आज चंद्राची कितवी तिथी आहे हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

"आनि भरतीला होड्या बंदराला लागतात," मावशी पुढे म्हणाली. "लागल्या की लिलाव. बाया लिलावात, पुरुष होडीवर, पोरं मासली वेचायला. तुमचं रॉकेट बगायला येनार कोन? गल्या?" गल्या म्हणजे समुद्रपक्षी, हे झेवियरने मागून सांगितलं. "कोनासाठी हाय हे?"

मी राष्ट्रपतींबद्दल सांगितलं. होडीवाल्यांच्या घरातून आले, रॉकेटं केली, देशाचे प्रमुख झाले.

"होडीवाल्याचा पोर?" मावशी गंभीर झाली. "मंग त्याला भरती बरोबर ठावूक असंल. तुमालाच नाय."

पाणी कधी उतरेल, असं मी विचारलं. चारला, ती म्हणाली. चारला वाळू पार त्या खडकापर्यंत उघडी पडते आणि तेव्हा सगळा गाव मोकळा असतो.

स्टँड उपटला. चुन्याचा गोल लाटेने पुसला. अनघा प्राचार्यांना फोन करायला रस्त्यावरच्या बूथवर धावली, पण तिच्याकडे फक्त घरचा नंबर होता आणि ते घरून निघाले होते. पावणेदहाला होड्या खरोखरच लागल्या. तो देखावा मी कधी विसरणार नाही. पाटीमागून पाटी वाळूवर रिकामी होत होती, सुरमई, पापलेट, कोळंबी, आणि बायका इतक्या वेगाने बोली लावत होत्या की मला फक्त शेवटचा आकडा कळायचा. आमच्या वर्गात कुणी एवढ्या वेगाने तोंडी हिशोब केला तर त्याला सुवर्णपदक मिळेल. बरोबर दहाला, हातात फोटो आणि हार घेऊन, प्राचार्य गाडीतून उतरले. चिखलात त्यांचा एक बूट रुतला.

मी पुढे झालो. अनघा बोलायला तयार होती, पण 'कबूल' मी म्हटलं होतं.

"सर, आत्ता नाही होणार. भरती आहे. चार वाजता होईल."

"चार?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "दत्ता, मला बाराला दुसरीकडे जायचंय. इथे जेट्टीवर उडव. दोन मिनिटांचं काम."

जेट्टीवर टोपल्या, बर्फ, बायका, मुलं. रॉकेट कुणाच्या डोक्यात बसलं असतं. शिवाय ज्यांच्यासाठी आलो त्यांच्यातलं कुणीही वर बघणार नव्हतं. आमच्या घरात मोठ्या माणसाला आणि साहेबाला कुणी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"नाही सर," मी म्हणालो. "माणसं आहेत, लागेल कुणाला. चूक आमची आहे. आम्ही तिथी बघितली नाही. पण आत्ता नाही उडवणार."

माझ्या डोळ्यांपुढे हॉल आला, हार आला, समोसा आला. मग मी पाहिलं की सर बोटांची पेरं मोजत आहेत.

"आज कोणती तिथी?" त्यांनी विचारलं.

"तेरस," मागून रेजिना मावशी म्हणाली. तिच्या एका हातात पापलेट होतं.

"तेराची पाऊणपट. पावणेदहा." प्राचार्य स्वतःशीच बोलले. "माझे आजोबा रत्नागिरीकडे पंचांग न उघडता असंच सांगायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आणि मी सही केली या पत्रिकेवर! केमिस्ट्रीचा डॉक्टर!" आणि ते हसले. मी त्यांना दोन वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं.

"सायेब, बसा सावलीत," मावशी म्हणाली. "समिंदर कोनाच्या मीटिंगसाठी थांबत नाय. तुमी थांबा."

त्यांनी मोबाइल काढून बाराची भेट रद्द केली. नंतर ते लिलाव बघायला गेले आणि तासाभराने परत आले तेव्हा सहा बायकांनी मिळून त्यांच्या गळ्यात इतकी कोळंबी मारली होती की त्यांना ती कुठे ठेवावी समजेना. दुपारी मावशीच्या ओटीवर आम्ही सगळे जेवलो. अनघाच्या पानात भात आणि सोलकढी, बाकीच्यांच्या पानात ताज्या बोंबलांचं कालवण. बोंबील एवढा मऊ असतो हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे तो फक्त सुका येतो.

चारला समुद्र मागे सरला होता आणि वाळू काचेसारखी चमकत होती. गाव खरंच आला. म्हातारे, जाळं विणणारे, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, आणि मुलं किती ते मोजलं नाही. मुलांना पाणी भरायचं काम पाहिजे होतं. मला त्यांना नको म्हणवेना. त्यांनी समुद्राच्या पाण्याने बाटली आनंदाने काठोकाठ भरली. मी बूच बसवलं. झेवियरने पंप मारला. दहा, वीस, तीस. मुलांनी उलटे आकडे म्हटले.

बूच सुटलं. बाटली हातभर वर उठली, सगळं पाणी माझ्या अंगावर ओतलं आणि धप्पकन पडली.

एका बारक्या मुलीने विचारलं, "झालं?" आणि सगळा किनारा हसला. प्राचार्य हसले नाहीत. त्यांचा हात घड्याळाकडे गेला.

मला चूक लगेच कळली. काठोकाठ पाणी म्हणजे हवेला जागाच नाही, दाब कशाचा होणार? ती मुलं पाणी भरत होती तेव्हाच मला दिसत होतं, आणि मी संकोचाने गप्प बसलो होतो. भिजलेल्या शर्टासकट मी दोरीच्या आत उभा राहिलो आणि जेवढा आवाज माझ्यात होता तेवढा काढला.

"थांबा! पाणी तिसरा हिस्सा फक्त! बाकी हवा. हवा दाबली की ती बाहेर पडायला बघते, पाणी खाली ढकलते आणि बाटली वर जाते. नाव जशी वल्ह्याने पाणी मागे ढकलून पुढे जाते, तशी!"

"हां!" मागून एक म्हातारा म्हणाला. "तसं सांग की!"

तिसरा हिस्सा त्या बारक्या मुलीनेच भरला, ओठ चावत, बोटाने खूण धरून. पितळेचं बूच बसलं. पंप. या वेळी आकडे सगळा गाव म्हणत होता. पाच. चार. तीन. बाटली कुरकुरली. दोन.

एक म्हणायच्या आत ती गेली.

ती सरळ गेली. पांढऱ्या पाण्याची शेपटी मागे सोडून होडीच्या डोलकाठीच्या वर, घिरट्या घालणाऱ्या घारीच्या वर, इतकी वर की उन्हात ती दिसेनाशी झाली आणि सगळ्यांच्या माना मागे वाकल्या. कुणीतरी शिट्टी मारली. मग ती पुन्हा दिसली, लुकलुकत, उलटी होऊन खाली येताना, आणि मुलं दोरी तोडून ओल्या वाळूवर धावत सुटली. अनघा ओरडत होती. झेवियर कुणालातरी मिठी मारत होता. तो जाळं विणणारा एक अनोळखी म्हातारा होता आणि त्यानेही त्याला मिठी मारली होती. मी नुसता उभा होतो.

त्यानंतर आणखी नऊदा उडवलं. मुलांनी उडवलं, बायकांनी पंप मारला, प्राचार्यांनी बाह्या वर करून स्वतः एकदा उडवलं आणि ते भिजले. फोटो खुर्चीवर ठेवायचा राहूनच गेला होता. मावशीने तो उचलला आणि ओढून ठेवलेल्या एका होडीच्या टोकावर टेकवला. हार तिनेच घातला. भाषण कुणी केलं नाही.

प्राचार्यांनी उरलेली एक पत्रिका घेऊन त्यावरचं 'सकाळी ठीक दहा' खोडलं आणि माझ्या हातात दिली. "पुढच्या वर्षी दुसरं गाव. वेळ त्या गावाला विचारून छापायची. आणि 'ठीक' लिहायचं नाही."

आम्ही स्टँड, पंप आणि बाटली घेऊन परत आलो, कारण पुढच्या वर्षी ते लागणार होतं. मुलं फार मागे लागली होती, पण आमच्याकडे एकच संच होता. त्याचं मला रात्रभर वाईट वाटलं. सोमवारी झेवियर कॉलेजात आला तो पळतच. रविवारी तो मासळी आणायला पाचूबंदरला गेला होता. मुलांनी जाळ्याला बांधायचा बुचाचा तरंगा कोरून घेतला होता, त्यातून फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई घुसवली होती, आणि ओहोटीची वेळ साधून किनाऱ्यावर त्यांचं स्वतःचं रॉकेट उडत होतं. पाणी भरत होती ती बारकी मुलगी.

"किती वर गेलं?" मी विचारलं.

झेवियर जरा थांबला. "वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "आपल्यापेक्षा वर."